वाटा मोकळ्या करणारं गाव: घानातला अक्वाम्बो

घानाच्या मध्य प्रांतात अगोना, गोमोआ आणि एकुम्फी हे तीन मुलूख एकमेकांना लागून आहेत. किनाऱ्याकडचा भाग सोडला की सगळी शेतकऱ्यांची वस्ती. कोको, तेलमाड, कसावा, केळी आणि संत्री ही इथली पिकं. या पट्ट्यातली गावं वर्षातून एकदा अक्वाम्बो पाळतात. मूळ पुरुष ज्या वाटेनं रान तोडत आले ती वाट आणि ज्या ओढ्याच्या भरवशावर त्यांनी गाव वसवलं तो ओढा सगळ्यांनी मिळून साफ करायचा. मग पूर्वजांना मद्याची धार वाहायची, वर्षभरात साठलेली भांडणं मिटवायची आणि त्यानंतरच ढोल वाजवायचे.

पश्चिम आफ्रिकेत सामुदायिक सफाईचे प्रकार बरेच आहेत. सेनेगलची राजधानी डाकार इथल्या तरुणांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस ‘सेट-सेटाल’ या सफाई मोहिमेची लाट उठवली. मालीतल्या जेन्ने शहरात मातीची मोठी मशीद दरवर्षी सगळे नागरिक मिळून लिंपतात. पण शेतीवर जगणारं गाव आपली सफाई कशी आखतं, काम कसं वाटतं आणि चुकारांना कसं वठणीवर आणतं हे पाहायचं असेल तर अक्वाम्बोचा आठवडा गाठावा.

तो ऑगस्टच्या आसपासच का येतो, याचं उत्तर पावसात आहे. दक्षिण घानात पावसाचे दोन हंगाम असतात. मोठा एप्रिलपासून जुलैपर्यंत, जोर जूनमध्ये. लहान सप्टेंबर ते नोव्हेंबर. मधल्या ऑगस्टमध्ये उघडीप मिळते. जूनच्या पावसानं गवत माणसाच्या डोक्यावर गेलेलं असतं, वाटा बुजलेल्या असतात, ओढ्यात गाळ आलेला असतो, आणि कोकोची मोठी तोडणी अजून सुरू व्हायची असते. त्या वेळी कोकोची ओझी डोक्यावर घेऊन याच वाटांनी यायचं असतं. प्रत्येक गावाची तारीख मात्र वेगळी. निघण्यापूर्वी गावातल्या कुणाकडून तरी ती पक्की करून घ्यावी.

मंगळवार: अक्रा ते अगोना स्वेद्रू

पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड नसेल तर घानात प्रवेश मिळत नाही, आणि परतताना भारतातही ते विचारतात. लस प्रवासाच्या निदान 10 दिवस आधी टोचून घ्यावी लागते. हिवतापाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीच सुरू कराव्यात. ऑगस्टची उघडीप डासांना लागू नाही.

अक्रातल्या कानेशी स्थानकावरून स्वेद्रूच्या ट्रोट्रो मिळतात. ट्रोट्रो म्हणजे आपलं वडाप: भरली की सुटते, आणि पैसे गोळा करणाऱ्या पोऱ्याला ‘मेट’ म्हणतात. मल्लम, कासोआ, विनेबा जंक्शन, तिथून उजवीकडे आत. अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटरच आहे, पण कासोआच्या कोंडीत किती वेळ जाईल याचा नेम नाही. पहाटे निघालेलं बरं.

अकोरा नदीकाठचं स्वेद्रू हे या भागातलं मोठं बाजाराचं गाव. पुढे लागणाऱ्या वस्तू इथेच घ्याव्यात: जाड तळाचे गमबूट, कामाचे हातमोजे, एक कानस आणि श्नॅप्स या कडक मद्याची सीलबंद बाटली. बाटली मुखियासाठी. तिच्याशिवाय गावात कामाचं बोलणं सुरूच होत नाही. कोयता घ्यायचा तर लांब, सरळ पात्याचा घ्यावा. घानात त्याला सगळे ‘कटलास’ म्हणतात. नव्या कटलासला धार नसते, ती आपली आपण लावायची असते.

बुधवार: मुखियाचं अंगण

स्वेद्रूहून न्याक्रोमच्या रस्त्यानं निघालं की दोन्ही बाजूंना कोकोच्या बागा आणि मध्ये मध्ये लहान गावं लागतात. गावात शिरल्यावर आधी ओदिक्रोच्या, म्हणजे गावमुखियाच्या घरी जायचं. बसलेल्या मंडळींना उजवीकडून सुरुवात करून ओळीनं हात मिळवायचा, तोही फक्त उजवा. डाव्या हातानं काही देणं-घेणं, खुणावणं हा इथे उघड अपमान समजतात. बसल्यावर पहिल्यांदा पाणी येतं. पाणी प्यायल्यावरच ‘काय काम काढलंत’ असा प्रश्न येतो, आणि तो मुखिया स्वतः विचारत नाही. त्यांच्या वतीनं बोलणारे ओच्यामे विचारतात. उत्तरही ओच्यामेंना द्यायचं. ही रीत पाळली की पुढची सगळी दारं उघडतात.

आठवड्याच्या कामाची वाटणी याच अंगणात होते. बैठकीला मुखिया, वडीलधारी मंडळी आणि राणीमाता असतात. आसाफो पथकांचे प्रमुख असतात, त्यांना सुपी म्हणतात. सरकारी बाजूनं निवडून आलेली पाच जणांची युनिट समिती, पाणी समितीचे लोक, आणि जमलं तर जिल्ह्याचा आरोग्य निरीक्षक. निरीक्षकाला गावकरी ‘टांकासे’ म्हणतात. इंग्रजांच्या काळातल्या ‘टाऊन कौन्सिल’चा हा अपभ्रंश.

आसाफो समजून घेतल्याशिवाय ही सफाई समजत नाही. ही मुळात लढाऊ पथकं. इथले लोक ज्या अकान समाजाचे, त्यात घराणं आणि वारसा आईकडून येतो, पण आसाफोतलं स्थान बापाकडून येतं. त्यामुळे गावातला प्रत्येक जण जन्मतःच कुठल्या ना कुठल्या पथकात असतो. लढाया संपल्या, पथकं उरली. आज त्यांचं मोठं काम म्हणजे वाट काढणं, बुडालेल्याचा किंवा रानात चुकलेल्याचा शोध घेणं आणि गावाच्या कामाला माणसं बाहेर काढणं. पथकाचा ढोल वाजला आणि आपण घरात बसलो, तर बापाच्या नावाला बट्टा लागतो. दंडापेक्षा हा धाक मोठा.

वाटणी दोरीनं करतात. गावाबाहेर जाणाऱ्या प्रत्येक वाटेची लांबी मोजायची, तिचे तुकडे पाडायचे, आणि तुकड्याच्या टोकाला खुणेची काठी रोवायची. चढाचा आणि ओल्या जमिनीचा तुकडा लहान, सपाटीचा मोठा. हा हिशेब जिथे करत नाहीत तिथे हमखास भांडण होतं, कारण दलदलीतला तुकडा मिळालेलं पथक दुपारपर्यंत अडकून पडतं आणि बाकीचे ताडी पीत बसतात. म्हातारे, आजारी, बाळंतिणी आणि सुतक असलेली घरं यांना सूट असते. बाहेरगावी नोकरीला असलेल्यांनी यायचं, नाही तर पैसे पाठवायचे.

दिवेलागणीला दवंडी होते. दवंडीवाला लोखंडी घंटा बडवत गल्लीगल्लीतून फिरतो आणि पहाटे पुन्हा एक फेरी मारतो. दवंडीत चार गोष्टी आल्याच पाहिजेत: कुठे, कधी, कुठली अवजारं घेऊन आणि न आल्यास काय. गावाबाहेरच्या शेतवाड्यांवर दवंडी पोहोचली नाही तर तिथली माणसं ‘ऐकलंच नाही’ म्हणतात आणि दंड बारगळतो. म्हणून अनुभवी मुखिया दवंडीवाल्यासोबत एक साक्षीदार पाठवतात.

गुरुवार: गटारं, संडास आणि हातपंप

मातीत खणायचं जेवढं काम आहे ते गुरुवारीच उरकतात, कारण शुक्रवारी जमिनीला कुदळ लावायची नसते.

दिवस उजाडण्याआधी बायका आणि मुली खराटे घेऊन अंगणात असतात. आपला खराटा नारळाच्या हिरांचा, इथला बहुतेक तेलमाडाच्या. अंगण इतकं झाडतात की गवताचं पातं दिसत नाही, आणि त्याला कारण आहे. मोकळ्या मातीवर साप लगेच दिसतो. पण या झाडण्याची एक किंमत गावांनी मोजली आहे. रोज खराट्यानं सुटी झालेली माती प्रत्येक पावसात वाहून जाते. वीस-तीस वर्षांत घराचा पाया उघडा पडतो. भिंत कोरलेल्या कपारीसारखी अधांतरी दिसते आणि एखाद्या जूनमध्ये खचते. यावर दोन उपाय चालतात. घराच्या पायाशी दगडांची किंवा गवती चहाची ओळ लावायची आणि ती कधीच झाडायची नाही. दुसरा म्हणजे गटारातून काढलेली माती गावाबाहेर न टाकता पुन्हा पायाशी घालून चोपायची. सफाईच्या दिवशी घमेली कुठल्या दिशेनं चालली आहेत हे पाहिलं की गाव शहाणं आहे की नाही ते कळतं.

गटारं खालच्या टोकाकडून वर साफ करत यायची. वरून सुरुवात केली की सुटलेला गाळ खाली साचतो आणि तेच काम दोनदा होतं. काढलेला गाळ काठावर ठेवायचा नाही; पुढच्या सरीबरोबर तो परत आत जातो. गटार तुंबण्याचं आजचं कारण मात्र माती राहिलेलं नाही. घानात प्यायचं पाणी अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या पिशवीत विकतात, 30 पिशव्यांचा एक गठ्ठा. रिकामी पिशवी आणि काळी कॅरीबॅग, जिला इथे ‘रबर’ म्हणतात, या दोघी मिळून मोरीचं तोंड बंद करतात.

गावाचा उकिरडा म्हणजे सुमिना. जुन्या काळी तिथे केळीच्या साली, कसाव्याच्या साली, राख आणि पालापाचोळा पडायचा. साली शेळ्या खायच्या, उरलेल्याचं खत व्हायचं आणि सुमिनाच्या कडेला केळी जोमानं वाढायची. सामुदायिक सफाईची सगळी जुनी रीत अशा कुजणाऱ्या कचऱ्यासाठी बनली आहे. प्लास्टिक कुजत नाही, म्हणून आता ते जाळतात, आणि हे चुकीचं आहे. विखारी धूर घरांत शिरतो आणि अर्धवट वितळलेला गोळा तसाच राहतो. ज्या गावांनी सुमिनाजवळ प्लास्टिकसाठी वेगळी जागा आखली, तिथे निदान केळीच्या आळ्यातली माती शाबूत राहिली.

सार्वजनिक संडास बहुतेक ठिकाणी कुमासी पद्धतीचे आहेत. ही पद्धत 1970 च्या दशकात घानातल्याच कुमासी शहरातल्या विद्यापीठात तयार झाली. शेजारी शेजारी दोन खड्डे; एक वापरात असताना दुसरा बंद. दोन वर्षं बंद राहिलेल्या खड्ड्यातला मैला मातीसारखा होतो आणि फावड्यानं काढता येतो. खड्ड्यातून छपराच्या वर जाणाऱ्या नळीवर वारा वाहिला की दुर्गंधी वर ओढली जाते. आतल्या अंधारामुळे माश्या उजेडाकडे, म्हणजे नळीच्या वरच्या तोंडाकडे जातात आणि तिथल्या जाळीत अडकून मरतात. नेमकं इथेच उत्साही सफाई घात करते. कुणीतरी ‘आत उजेड हवा’ म्हणून भिंतीला मोठं भोक पाडतं आणि माश्या नळीकडे न जाता त्या भोकातून स्वयंपाकघरांकडे निघतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे आत फिनेलची बादली ओतणं. त्यानं कुजवणारे जिवाणू मरतात आणि खड्डा लवकर भरतो. पायरी धुवायला थोडंसं पाणी आणि कडक ब्रश पुरे. नळीवर चढून जाळी तपासणं हे खरं काम, आणि नेमकं तेच वगळलं जातं.

मग हातपंप. घानानं खेड्यांसाठी जे मोजके पंप प्रमाण मानले, त्यांत ‘घाना मॉडिफाइड इंडिया मार्क टू’ आहे, आणि त्याचं मूळ थेट आपल्याकडे येतं. 1960 च्या दशकात जालन्याच्या मिशनमध्ये पोलादी हातपंप बनू लागला, सोलापुरात तो सुधारला, आणि त्या सोलापूर पंपावरून 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क टू तयार झाला. घानात आल्यावर त्यात बदल करावा लागला. दक्षिण घानातलं भूजल बऱ्याच ठिकाणी किंचित आम्लधर्मी आहे. जस्त चढवलेले लोखंडी पाइप त्यात गंजतात, पाणी तांबूस येतं, त्याला लोखंडाची चव लागते, कपडे डागाळतात, आणि बायका मुकाट्यानं ओढ्याच्या पाण्याकडे वळतात. म्हणून तिथल्या सुधारित पंपाला न गंजणारे पाइप लावले.

पंपाभोवतीच्या कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी ओट्याला भेगा आहेत का पाहायचं. भेगेतून घाण पाणी थेट बोअरकडे झिरपतं, म्हणून ती त्याच दिवशी सिमेंटनं बुजवायची. मग सांडपाण्याची नाली टोकापर्यंत मोकळी करायची. टोकाला डबकं असेल तर ते केळीच्या आळ्यात वळवायचं. कुंपण बांधायचं, नाही तर शेळ्या ओट्यावर येतात. डोक्यावरचं झाकण उघडून साखळीला ग्रीस, सैल झालेले नटबोल्ट घट्ट. शेवटी दोन चाचण्या. पाणी येईपर्यंत पंप मारायचा, अर्धा तास थांबायचं आणि पुन्हा मारायचा. पाचेक दांड्यांत पाणी आलं तर ठीक. जास्त लागल्या तर तळाची झडप किंवा पाइपचा जोड गळतो आहे. दुसरी: मिनिटभरात 40 दांड्या मारून पाणी बादलीत धरायचं. 12 लिटरच्या आसपास हवं. 10 च्या खाली आलं तर आतले वॉशर झिजलेत. ही नोंद पाणी समितीच्या वहीत तारखेसह जाते. पंप बंद पडल्यावर मेकॅनिक शोधत फिरण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं, आणि ज्या गावात ही वही जपली जाते तिथला पंप चालू असतो.

शुक्रवार: वाटा आणि ओढा

अकानांपैकी फांते लोक धरणीमातेला असासे एफुआ म्हणतात. एफुआ म्हणजे शुक्रवारी जन्मलेली. तिच्या वारी शेतात काम करायचं नाही, माती उकरायची नाही. माणसं घरी असतात, म्हणून गावाच्या कामाला हाच दिवस सोयीचा. आज फक्त कटलास चालणार, कुदळ नाही.

पहाटे कानशी वाजायला लागतात. कटलास मांडीवर आडवा धरून, कानस पात्यावर तिरकी टेकवून मुठीपासून टोकाकडे एकाच दिशेनं ओढायची. मुठीलगतचं चार बोटं पातं बोथटच ठेवायचं, कारण जवळून काम करताना हात तिथे सरकतो. दुसऱ्या हातात आकड्याची काठी. काठीनं गवत ओढून धरायचं आणि बुंध्याशी कटलास मारायचा. काठीचा दुसरा उपयोग सापासाठी: आधी काठी गवतात फिरते, मग हात जातो.

ढोल वाजवत, झेंडे घेऊन पथकं निघतात. आसाफोचे झेंडे कापडाचे तुकडे शिवून केलेले असतात. जुन्या झेंड्यांच्या कोपऱ्यात इंग्रजांचा युनियन जॅक आहे, 1957 च्या स्वातंत्र्यानंतरच्यांवर घानाचा झेंडा. एका पथकानं दुसऱ्याचं चिन्ह वापरलं म्हणून पूर्वी डोकी फुटली आहेत, त्यामुळे कुणी कुठल्या वाटेनं जायचं हे बुधवारीच ठरलेलं असतं.

तुकड्यावर पोहोचल्यावर माणसं तिरक्या रांगेत उभी राहतात, दोघांमध्ये दोन हातांचं अंतर. सरळ रांगेत राहिलं तर शेजाऱ्याच्या कटलासाचा फटका बसतो. तिरक्या रांगेत पुढच्याचं पातं मागच्यापासून लांब राहतं. वाटेची रुंदी डोक्यावर ओझं घेतलेली दोन माणसं न धडकता जातील इतकी, म्हणजे दोनेक मीटर. झुडपाचा बुंधा जमिनीसरसा आडवा छाटायचा. तिरका छाटला की सुळा तयार होतो आणि तो अनवाणी पावलात घुसतो. अक्वाम्बोनंतरच्या आठवड्यात दवाखान्यात येणाऱ्या जखमांत हे सुळे असतातच. कापलेलं गवत वाटेच्या उताराकडच्या बाजूला टाकायचं. चढाकडच्या बाजूला टाकलं की पहिल्या पावसात ते घसरून पुन्हा वाटेवर येतं.

सगळ्यात जास्त त्रास देणारं झुडूप म्हणजे कोकणात-गोव्यात ज्याला रानमोडी म्हणतात तेच. घानात त्याला ‘आचेआम्पाँग’ म्हणतात, 1970 च्या दशकातल्या लष्करी राज्यकर्त्याच्या नावावरून, कारण त्याच काळात ते पसरलं. फुलण्याआधी, म्हणजे ऑगस्टमध्ये कापलं तर बी धरत नाही, पण मुळापासून पुन्हा फुटतं. गिनी गवताचे धारदार ठोंब असतात, आणि खाजकुइलीच्या वेली असतात. खाजकुइली दिसली की वारा पाठीशी घेऊन कापायची, आणि त्या माणसानं पूर्ण बाह्यांचा सदरा घातलेला हवा.

हल्ली तरुणांचा कल तणनाशक फवारण्याकडे आहे. दुपारभराचं काम तासात होतं हे खरं. पण मेलेल्या गवताची मुळं सुटतात, उताराची वाट पहिल्या पावसात घळ बनते, आणि औषध ओढ्यात उतरतं. पाण्याच्या वाटेवर फवारणी नको, असा जिथे वडीलधाऱ्यांनी कडक नियम केला आहे तो अगदी योग्य आहे.

काम चाललेलं असताना शेजारून जाणाऱ्यानं ‘आयेकू!’ म्हणायचंच. कामकरी ‘या ए’ म्हणून उत्तर देतात. पाहुण्यानं हे विसरू नये. न बोलता पुढे जाणं उद्धटपणा ठरतो.

वाट ओढ्यापाशी संपते, आणि इथे कामाचा वेग मुद्दाम कमी होतो. पाणी भरण्याची जागा वर, कपडे धुण्याची खाली, ही विभागणी पुन्हा खुणा रोवून पक्की करतात. साठलेली पानं आणि सडक्या फांद्या हातानं काढायच्या. काठच्या राफिया माडांना आणि मोठ्या झाडांना हात लावायचा नाही. त्यांच्या सावलीत पाणी आटत नाही आणि मुळांनी काठ धरलेला असतो. ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून काठ बोडका केला की दोन वर्षांत ओढा उथळ आणि गढूळ होतो. पाण्यातलं गवत मात्र कापून लांब नेऊन टाकायचं, कारण रक्तलघवीचा आजार पसरवणाऱ्या गोगलगायी त्याच्याच आधारानं जगतात. पाण्यात पाय न घालता घागर बुडवता यावी म्हणून सपाट दगड मांडतात. या सवयीचं मोल नारूच्या काळात साऱ्या घानाला कळलं. तिथला शेवटचा रुग्ण मे 2010 मध्ये सापडला आणि 2015 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. आपल्याकडे तो टप्पा 2000 साली आला.

ओढ्याचे जुने निषेधही आज दवंडीवाला मोठ्यानं सांगतो: काजळी धरलेलं भांडं बुडवायचं नाही, साबण वर आणायचा नाही, काठाला शेत करायचं नाही. यातले बहुतेक पाण्याच्या हिताचे आहेत. पाळीच्या दिवसांत बाईनं ओढ्यावर येऊ नये, हाही त्यांतलाच एक. तो पाण्याच्या काही कामाचा नाही आणि टाकून द्यायला हवा.

मग वडीलधारे काठावर मद्याची धार सोडतात, पूर्वजांना नावानं हाक मारतात, आणि उकडलेला याम, म्हणजे कोनफळाच्या जातीचा कंद, तेलमाडाच्या लाल तेलात कालवून, वर अंडं ठेवून केलेली एतो काठावर ठेवतात. पेंटेकोस्टल चर्चची मंडळी वाट साफ करायला सगळ्यांत पुढे असतात, पण या वेळी बाजूला होऊन आपली प्रार्थना करतात. काही गावांत यावरून वाद पेटले आहेत. जिथे कामाची हजेरी आधी आणि विधी नंतर, असा क्रम ठेवला, तिथे दोन्ही बाजू समाधानी राहिल्या.

दुपारी जेवण गावात. उकडलेली कच्ची केळी, कंद आणि कोन्तोमिरे, म्हणजे अळूच्या भाईबंदाच्या पानांची दाट भाजी, आपल्या फदफद्यासारखी. हे सगळं सकाळपासून बायकांनी रांधलेलं, पाणी त्यांनीच आणलेलं, पहाटे झाडलंही त्यांनीच. वाटणीच्या बैठकीत त्यांच्या कामाचा तुकडा कधी दोरीनं मोजत नाहीत. तो मोजला पाहिजे.

शनिवार: दरबार

गावच्या सभेला इथे दरबारच म्हणतात. इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचलून आणलेला शब्द. मुखिया पालखीतून किंवा छत्रीखालून येतात, भाषणं होतात, शहरातली मंडळी संडासासाठी, शाळेच्या खोलीसाठी वर्गणी जाहीर करतात. पाहायला देखणं आहे, पण सफाईच्या दृष्टीनं महत्त्वाचं काम त्याआधी सकाळी मुखियाच्या अंगणात उरकलेलं असतं: गैरहजरांचा निवाडा.

पथकाचा लेखनिक यादी वाचतो. नाव आलेल्यानं कारण सांगायचं. कारण पटलं नाही तर दंड: रोख रक्कम, कोंबडी, मद्याची बाटली किंवा थंड पेयांचा एक क्रेट. नाही भरला तर पथकातले तरुण घरी जाऊन एखादं भांडं किंवा कोंबडी उचलून आणतात आणि दंड भरेपर्यंत ती अंगणात राहते. दंड फार जड ठेवला तर लोक भरत नाहीत आणि मुखियाचाच शब्द पडतो. फार हलका ठेवला तर पैसेवाले कामाऐवजी दंडच भरतात. मध्यम दंड आणि न केलेल्या तुकड्याचं काम पुढच्या शुक्रवारी एकट्यानं पूर्ण करणं, अशी जोड सगळ्यांत चालते. आणि दंड सगळ्यांना सारखा हवा. मुखियाच्या पुतण्याला एकदा सोडलं की पुढच्या वर्षी निम्मी रांग रिकामी असते.

सरकारनं नोव्हेंबर 2014 मध्ये महिन्याचा पहिला शनिवार राष्ट्रीय स्वच्छता दिन म्हणून जाहीर केला. खेड्यांत त्याला तेवढं बळ आलं नाही, आणि कारण उघड आहे. शनिवार हा इथे अंत्यविधींचा दिवस. मयताला जायचं सोडून कुणी गटारात उतरणार नाही. गावाचा स्वतःचा शुक्रवार आधीच तयार होता; त्यालाच पाठिंबा दिला असता तर जास्त काम झालं असतं.

रविवार: हिशेब

सकाळी चर्चमध्ये आभाराची प्रार्थना आणि आणखी एक वर्गणी. दुपारी युनिट समिती आणि पाणी समिती एकत्र बसून हिशेब लावतात. दंडाचे पैसे, वर्गणी, खर्च. पंपाचे वॉशर आणि ग्रीस, संडासाच्या नळीची जाळी, नवीन दोन हातगाड्या ही पहिली खरेदी. हा हिशेब त्याच दिवशी, शहरातली माणसं परतण्याआधी वाचून दाखवला तर पुढच्या वर्षी वर्गणी येते.

शनिवारच्या गर्दीनं टाकलेल्या पाण्याच्या पिशव्या अजून मैदानभर असतात. त्यासाठी शाळेची मुलं सोमवारी सकाळी पोती घेऊन उतरतात. पाऊस आला तर सोमवारच्या आत सगळं गटारात जातं. म्हणून काही गावांनी आता दरबाराच्या मैदानाच्या चार कोपऱ्यांत रिकामी पिंपं ठेवून प्रत्येकाजवळ आसाफोचा एक माणूस उभा करायला सुरुवात केली आहे. नुसती पिंपं ठेवून उपयोग झाला नव्हता. माणूस उभा केल्यावर झाला.

परतीच्या ट्रोट्रो रविवारी दुपारनंतर खचाखच असतात. जागा हवी असेल तर सोमवारी पहाटेची पहिली गाडी धरावी. ती स्वेद्रूला बाजार उघडायच्या आत पोहोचते.